सात पायऱ्यांचं पाणी

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी गार्डनर नाही.

मी लँडस्केप काँट्रॅक्टर आहे. कॅलिफोर्निया राज्याची परीक्षा देऊन मिळवलेल्या लायसन्सचा नंबर माझ्या ट्रकच्या दोन्ही दारांवर रंगवलेला आहे. गार्डनर गवत कापतो, पानं गोळा करतो. ते काम कष्टाचं असतं, आणि मी स्वतः पहिली तीन वर्षं तेच केलं, त्यामुळे त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण डॉक्टरला कंपाउंडर म्हटलं तर तो काय म्हणेल?

पाच वर्षांपूर्वी फ्रीमाँटमध्ये जयंतरावांच्या घरी गणपती होते. जयंतराव म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीतले मोठे अधिकारी, मंडळाचे माजी अध्यक्ष. त्यांचं घरामागचं अंगण मी त्याच उन्हाळ्यात करून दिलं होतं. टेकडीवरची जागा, अंगण घसरगुंडीसारखं उतरतं. मी ते वर कापून, खाली भरून असं सपाट केलं की कॅरमबोर्ड ठेवायला खाली कागदाची घडी लागू नये. आरती झाली, मोदकांची ताटं फिरायला लागली, आणि शेजारच्या घरातून आलेल्या एका वयस्कर इराणी बाईंना जयंतराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "धिस इज अवर गार्डनर."

मी मोदक ताटात परत ठेवला. माझी बायको सुनंदा शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "गणपतीसमोर नको." म्हणून त्या दिवशी जयंतराव वाचले. मी त्यांच्या घरची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं आणि पाच वर्षं पाळलं. सुनंदा म्हणते, माझा राग शिळा होत नाही, मुरतो.

माझ्या धंद्याविषयी थोडं सांगतो, कारण आपल्या लोकांपैकी फार कोणी या धंद्यात नाही. सगळे कीबोर्डवर, मी मातीत. मी मूळचा तासगावचा, द्राक्षांच्या गावचा. सुनंदाला इथे नोकरी लागली, मी मागून आलो. दोन वर्षं कामाची परवानगी नव्हती म्हणून स्वयंपाक शिकलो, मग एका मेक्सिकन माणसाच्या टोळीत गवत कापायला लागलो. तिथे रामोन भेटला. आज तो माझा फोरमन आहे, आणि माझ्यावर ओरडायची परवानगी असलेला एकमेव पगारी माणूस.

काम काय, तर लोकांच्या घरामागची जमीन खणायची, भरायची, दगड बसवायचे, झाडं लावायची. पण खरं काम एकच. पाणी कुठे जाईल ते ठरवायचं. घरापासून पाणी लांब न्यायला जमिनीला दर फुटामागे पाव इंच उतार द्यायचा, डोळ्याला कळणार नाही इतका. जमिनीखाली भोकांचे पाइप टाकायचे. पाऊस पडावा आणि पाणी कुठे गेलं ते घरमालकाला कधीच कळू नये, याला इथे उत्तम काम म्हणतात.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची. एका रत्नागिरीकरांना फ्रीमाँटमध्ये नारळ हवा होता. इथल्या थंडीत येणार नाही म्हटलं, तर माझ्याशी घासाघीस करायला लागले. "बरं, दोन नको, एक तरी येऊ द्या," म्हणाले, जणू नारळ मीच अडवून धरला होता. एका जोडप्याला तुळशीवृंदावन बरोबर पूर्वेला हवं होतं आणि सोसायटीच्या नियमांप्रमाणे त्या बाजूला काही बांधता येत नव्हतं. मी त्यांना चाकांवरचं वृंदावन करून दिलं. सकाळी पूजेला पूर्वेकडे ढकलायचं, मग परत जागेवर. काकूंनी मला मागून फोन करून सांगितलं, "अहो, आता प्रदक्षिणा मी न घालता तुळसच घालते!"

घासाघिशीत मी सहसा हरत नाही. तासगावच्या बाजारात बेदाण्याचा दर ठरताना ज्याने बालपण काढलंय त्याला इथले लोक म्हणजे दुधखुळे. किंमत सांगितली की मी गप्प बसतो. अमेरिकन माणसाला शांतता सहन होत नाही, तो स्वतःच बोलायला लागतो आणि अडकतो.

गेल्या डिसेंबरात फोन आला. "मी मेहरी. आपण गणपतीला भेटलो होतो. तुम्ही तोच काँट्रॅक्टर ना, ज्यांनी शेजारचं अंगण केलं?"

काँट्रॅक्टर! मी त्याच दिवशी गेलो. ट्रक जयंतरावांच्या दारासमोरून नेताना मान वळवली नाही.

मेहरी खानम अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. खानम म्हणजे आपल्याकडचं 'बाई', मान देऊन म्हणायचं. इस्फहानमध्ये वाढल्या, इथे येऊन शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्या. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं, कारण त्यांची बोलायची ढब थेट आमच्या शाळेतल्या बाईंसारखी. त्यांनी काचेच्या लहान पेल्यात चहा दिला, सोबत खडीसाखर, आणि टेबलावर एक लांब कागद उलगडला. कागद टेबलावरून घरंगळून माझ्या मांडीवर आला.

"हा चहारबाग," त्या म्हणाल्या. "इस्फहानचा राजरस्ता. तो मला माझ्या अंगणात हवा आहे."

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. चारशे वर्षांपूर्वी सफवी घराण्याच्या शहाने राजधानी इस्फहानला आणली, तेव्हा त्याने जुन्या शहरात दाटीवाटी केली नाही. जुन्या वस्तीच्या बाहेर, राजवाड्याच्या बाजूपासून नदीपर्यंत एक सरळ रेघ मारली. तीच चहारबाग. वरच्या टोकाला एक बहुमजली महाल, जहाँनुमा, म्हणजे जग दाखवणारा. त्याच्या जाळ्यांतून राजघराण्यातल्या बायका रस्ता बघायच्या. तिथून रस्ता हळूहळू उतरत नदीकडे जायचा. दोन्ही अंगांना सरदारांच्या बागा, एकीच्या दरवाज्यासमोर दुसरीचा दरवाजा. चिनारांच्या रांगा, गुलाबांचे वाफे, चालायच्या वाटा, आणि बरोबर मधोमध दगडी काठाचा पाट. पुढे तेहतीस कमानींचा पूल, पुलापलीकडे रस्ता पुन्हा चढत जायचा तो थेट शहाच्या प्रचंड बागेपर्यंत.

"गाड्या कुठून जायच्या?" मी विचारलं.

"गाड्यांसाठी नव्हताच. हिंडायला होता. त्या काळात युरोपातून आलेले प्रवासी बघून थक्क व्हायचे."

"आणि नाव चहारबाग का?"

"चहार म्हणजे चार. एक गोष्ट सांगतात. तिथे आधी चार द्राक्षमळे होते. देवस्थानाच्या मालकीचे. म्हणून शहा त्या जमिनीचं भाडं भरायचा."

मी चहा खाली ठेवला. आमच्या तासगावात बाग म्हणजे द्राक्षबागच. 'बागेत चाललो' म्हटलं की कोणी आंब्याची बाग समजत नाही. आणि शहासुद्धा भाडेकरू! मला तो माणूस एकदम आवडला.

आणखीही गोष्टी होत्या. प्रत्येक चिनाराच्या मुळाशी शहाने सोन्याचं नि चांदीचं नाणं पुरायला लावलं, असं म्हणतात. बुधवारी चहारबाग फक्त बायकांसाठी खुली असायची, त्या दिवशी पुरुषांनी फिरकायचं नाही. "पुढे राज्य बुडालं," खानम म्हणाल्या, "महाल पडले, एका सुभेदाराच्या काळात झाडं तोडली, पाट बुजला, मग मोटारी आल्या. आता म्हणे त्यातल्या एका भागात पुन्हा फक्त पायी चालतात."

त्यांच्या नकाशात उतारावर सात पायऱ्या काढलेल्या होत्या. प्रत्येक पायरीवर पाणी एकेका हौदात पडणार, हौद भरला की पुढच्या पायरीवर. सात हौद, सातांचे आकार वेगळे. चौकोनी, अष्टकोनी, गोल.

"किंमत?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ती. घर तुमचंच आहे."

मला वाटलं, म्हातारी सोपी आहे. मी आकडा सांगितला आणि सवयीप्रमाणे गप्प बसलो. त्याही गप्प बसल्या. मी गप्प. त्या गप्प. त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. मी चहा प्यालो. त्यांनी पुन्हा भरला. चौथ्या पेल्यानंतर मीच बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

"पुलाला तेहतीस कमानी जमणार नाहीत. तीन करू."

"तेहतीस."

"बाई, तुमचा पूल नऊ फुटांचा आहे! उंदीर जाईल एवढ्या कमानी होतील."

"मग तीस."

"पाच."

"तुम्ही पाणी वगैरे घ्या, मग बोला."

अकरावर सौदा ठरला. पुलाखालच्या नदीचं मी म्हटलं, तिथे नुसते गोटे टाकू, कोरडी ठेवू. मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, "ठेवा कोरडीच. हल्ली आमची खरी नदीही बरेच महिने कोरडीच असते." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण मी हात धुऊन मागे लागलो होतो. सात पायऱ्या म्हणजे सात भिंती, प्रत्येकीला पाणी न झिरपणारा थर, सात ठिकाणी दगड घडवायचा, मोठा पंप. नुसती कटकट. मी म्हटलं, "असं करू. अंगण सपाट करतो, शेजारच्यासारखं. मधून एकच लांब सलग पाट. पाणी आरशासारखं स्थिर. आकाश दिसेल त्यात. त्याबदल्यात पाटाचे काठ खऱ्या संगमरवरी जातीच्या दगडाचे देतो, सिमेंटचे नाही."

त्यांनी कागदावरच्या सात पायऱ्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आवाज येईल ना पाण्याचा?"

"पंप असतो ना. येईल की," मी म्हणालो.

"तुम्ही जाणकार आहात," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं रंगवून सांगितलं. सात पायऱ्या कशा उडवल्या ते सांगताना मी टाळी मागितली. तिने दिली नाही. "तिने आवाजाचं का विचारलं?" ती म्हणाली.

"म्हातारी माणसं विचारतात काहीतरी."

"तू विचारलंस का, का म्हणून?"

मी नव्हतं विचारलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काम पुरं झालं. खोटं कशाला बोलू, देखणं झालं होतं. वरच्या टोकाला जहाँनुमा म्हणून छोटा लाकडी मंडप. दोन्ही बाजूंना चिनारांच्या जातीची रोपं. इथल्या रस्त्यांवर असतात ती, छाटून आटोक्यात ठेवता येतात. प्रत्येकाच्या मुळाशी खानमनी स्वतः वाकून पंचवीस सेंटचं नाणं टाकलं होतं. अकरा कमानींचा पूल. पलीकडे लिंबाची चार झाडं, म्हणजे शहाची बाग. आणि मधोमध पाट, सत्तर फूट, एका पातळीत. लेझरने मोजलेला. दोन टोकांत केसाएवढाही फरक नाही. त्यात टेकडी उलटी दिसत होती.

मी छाती काढून उभा राहिलो. खानम मंडपात आल्या. पाटाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

डोळे मिटूनच चालायला लागल्या. पाचसहा पावलं सरळ गेल्या, मग वाट सुटली, पाय गुलाबाच्या वाफ्यात गेला. रामोन धावला. त्यांनी डोळे उघडले, चपलेची माती झटकली आणि म्हणाल्या, "फार स्वच्छ काम आहे. थँक यू."

माझा राग तिथेच फुटला. मला तक्रार चालते, शिवी चालते. पण 'फार स्वच्छ' चालत नाही. मी म्हटलं, "काय चुकलंय ते सांगा! ठरल्याप्रमाणे केलंय की नाही? दगड खरा दिलाय की नाही? मग तोंड का असं?"

"ठरल्याप्रमाणेच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसा."

आम्ही मंडपाच्या पायरीवर बसलो. रामोन टोपी हातात घेऊन लांब उभा राहिला.

"आम्ही चौघी मैत्रिणी," खानम म्हणाल्या. "चहारबागेवरून शाळेतून घरी यायचो. तेव्हा तिथे मोटारी होत्या, मधला पाट कधीच गेला होता. आमच्या बाईंनी वर्गात जुन्या रस्त्याचं वर्णन सांगितलं होतं, सात नव्हे, कितीतरी ठिकाणी पाणी कसं पडायचं ते. मग आम्ही खेळ काढला. एकमेकींचे हात धरायचे, डोळे मिटायचे आणि चालायचं. जिला पाणी ऐकू येईल तिने सांगायचं. आम्हा तिघींना कधी काही आलं नाही. माहीनला रोज यायचं. 'हे इथे पडतंय! आता इथे!' आम्ही तिला खोटारडी म्हणायचो. अजूनही फोनवर म्हणतो."

"मग?"

"याच महिन्यात आमचं नवं वर्ष, नवरोज. त्यानंतरच्या बुधवारी तिघी येतायत. एक टोरोंटोहून, एक लॉस एंजेलिसहून, माहीन पार पूर्व किनाऱ्याकडच्या हर्नडनहून. इतक्या वर्षांत चौघी एकत्र आलो नाही आणि पुन्हा येऊ असं वाटत नाही. माहीनची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली." त्या पाटाकडे बघत होत्या. "तुमचं पाणी सुंदर आहे. पण ती बघू शकत नाही."

पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. फ्रिजसारखी.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

मी उठून ट्रकमध्ये जाऊन बसलो. स्टिअरिंगवर दोन गुद्दे मारले. आयुष्यात इतके सौदे केले, पण जिंकल्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रामोन खिडकीशी आला. "फोडायचं?" त्याने विचारलं.

"फोडायचं."

"किती दिवस आहेत?"

"बारा."

त्याने स्पॅनिशमध्ये माझ्याविषयी काहीतरी म्हटलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. खर्च माझा, हे मी खानमना सांगितलं, तेव्हा त्या घासाघीस करायला लागल्या, निम्मा मी देते म्हणून. मी हात जोडले. म्हटलं, "आता चहा देऊ नका फक्त."

सुदैवाने उतार नाहीसा झालेला नव्हता. वरची माती मी खालीच भरली होती. ती उकरून पुन्हा वर नेली. सात टप्पे कापले, सात हौद बांधले. आठव्या दिवशी पाणी सोडलं. आणि आवाज आला नाही.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पाणी दगडाच्या कडेवरून पडतं असं आपल्याला वाटतं. उंची थोडी असली की ते पडत नाही. किटलीतला चहा जसा तोटीला चिकटून खाली ओघळतो, तसं ते कडेला वळसा घालून भिंतीला चिकटून उतरतं. मुकाट. मी पंप वाढवला, तर नुसता सगळीकडे शिडकावा. दगड बदलून पाहिला. दोन दिवस मी रामोनवर ओरडलो, रामोन माझ्यावर ओरडला. कुंपणापलीकडून जयंतरावांचा आवाज आला, "एव्हरीथिंग ओके?" मी कुंपणाकडे पाठ केली.

दहाव्या दिवशी मी लेझर पेटीत घालून ठेवला. बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाटात उतरलो. पाणी थंडगार. इतक्या वर्षांत माझ्या माणसांनी मला अनवाणी बघितलं नव्हतं. मी ते होऊच दिलं नव्हतं. लायसन्स, लेझर, ट्रक यांच्यामागे मी तासगाव नीट झाकून ठेवलं होतं, आणि एका शब्दावरून पाच वर्षं फुगून बसलो होतो त्याचं कारणही बहुतेक तेच असावं.

द्राक्षबागेत आम्ही दारं धरायचो. म्हणजे खोरं घेऊन पाण्याबरोबर चालायचं, एका सरीचं तोंड मातीने बंद करायचं, दुसरीचं उघडायचं. मोठ्या पाटातून खालच्या पाटात पाणी पडतं तिथे बांध धुपू नये म्हणून वडील एक फरशी बसवायचे, हातभर पुढे आलेली, आणि तिच्या पोटाला, कडेच्या जरा आत, छिन्नीने एक खाच मारायचे. पाणी वळून मागे यायला बघतं, खाचेपाशी अडतं आणि सुटं पडतं. छपरावरून पागोळी पडते तसं. मला हे माहीत होतं. दोन दिवस मी ते आठवायला तयार नव्हतो, एवढंच.

"छिन्नी दे," मी रामोनला म्हटलं.

पहिल्या दगडाच्या पोटाला खाच मारली, दगड चार इंच पुढे सरकवून बसवला, आणि पाणी सोडलं. ते कडेला आलं, क्षणभर रेंगाळलं आणि पडलं. रामोनने टोपी हवेत उडवली. ती दुसऱ्या हौदात पडली.

मग दोन दिवस उरलेल्या सहा दगडांना खाचा मारत आम्ही नुसतं ऐकत होतो. उथळ गोल हौदात पाणी बडबडायचं, खोल चौकोनी हौदात गंभीर, घागर बुडवल्यासारखं. अष्टकोनी हौदात आवाज भिंतींना लागून फिरायचा. प्रत्येक पायरी वेगळी बोलत होती. डोळे मिटून उभं राहिलं तरी आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगता यायचं. जुन्या कारागिरांनी हौदांचे आकार वेगळे का ठेवले असतील हे मला माझ्यापुरतं समजलं. खानमना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे माझ्या पुस्तकांत नाही. पण असेल." भूगोलाच्या बाईंकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

मी म्हटलं, "बुधवारी मी लवकर येतो. पंप मीच सुरू करीन."

"बुधवारी?" त्या हसल्या. "बुधवारी चहारबागेत पुरुष येत नाहीत. मी तुम्हाला शिकवलं होतं."

"अहो, पण मी बांधलीय ती!"

"शहानेही बांधली होती."

सुनंदाला आमंत्रण, जयंतरावांच्या मिसेसना, वसुधावहिनींना आमंत्रण, गल्लीतल्या बायकांना आमंत्रण. मी आणि रामोन बाहेर. रामोनने सुट्टी घेतली. मी सुनंदाला सोडायला गेलो आणि गल्लीत ट्रकमध्ये बसून राहिलो. पंप चालू झाला का? खालचा दगड हलला तर? माहीनबाईंना ऐकू तरी येईल का? ट्रकमधून रस्त्यावरच्या गाड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पाणी ऐकू येईल अशी एकच जागा होती, कुंपणापलीकडची.

मी जयंतरावांची बेल वाजवली.

"अरे! या, या!" ते म्हणाले. "वसुधा शेजारी गेलीय. मला हाकलून दिलंय."

"माहितीय. मला तुमच्या अंगणात उभं राहायचंय."

आम्ही त्यांच्या सपाट अंगणात सहा फुटी लाकडी कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. मी कान फळीला लावला. पलीकडे आठदहा बायकांचा गलबला, फारसी, मराठी, इंग्रजी सगळं एकात. मग कोणीतरी गप्प केलं आणि सगळं शांत झालं.

पाणी ऐकू आलं. पहिली पायरी, बडबडी. मी मनात मोजत होतो. काठी टेकल्याचा आवाज, चार म्हाताऱ्या बायकांची हळू पावलं. काठी थांबली. पुन्हा चालली. दुसरी पायरी, मग तिसरी, घागरीची. तिथे काठी पुन्हा थांबली, आणि इतका वेळ थांबली की मी फळीवरचा कान काढून दुसरा लावला.

"काय झालं?" जयंतराव कुजबुजले.

"गप्प बसा हो!"

आणि एक म्हातारा, खणखणीत, भांडखोर आवाज फारसीत ओरडायला लागला. एक शब्द पुन्हा पुन्हा. दुसऱ्या तिघी हसतायत की रडतायत ते कळेना. चुकलं काहीतरी!

"मेहरी खानम!" मी कुंपणावरून ओरडलो. "काय म्हणतायत त्या?"

कुंपणापलीकडून खानमचा आवाज आला, हसून हसून धाप लागलेला. "माहीन म्हणतेय, 'सांगत होते! सांगत होते ना मी!' साठ वर्षांची माफी मागायला लावतेय आम्हाला. आणि काँट्रॅक्टर, पुरुषांनी आज ऐकायचंही नसतं!"

तिकडे पुन्हा खळाळून हसणं उठलं, त्यात सुनंदाचं मी ओळखलं. काठी चौथ्या पायरीकडे निघाली, आता जोरात, ठक ठक. "हे इथे!" असं काहीतरी त्या बाई प्रत्येक हौदाला म्हणत असाव्यात, कारण दर वेळी बाकीच्या ओरडून 'हो, हो' केल्यासारखं करत होत्या. सातव्या पायरीनंतर टाळ्या वाजल्या.

मी डोळे पुसले. जयंतराव आत जाऊन चहा आणि चिवड्याची वाटी घेऊन आले. बराच वेळ आम्ही कुंपणाकडे तोंड करून नुसते ऐकत बसलो.

"हे तुम्ही केलंत?" ते म्हणाले. "काय आवाज आहे हो. आमच्याकडे होईल का असं काही?"

"नाही."

"का? खर्चाचं बघू की."

"त्याला उतार लागतो, जयंतराव. तुमचा मी पाच वर्षांपूर्वी काढून टाकला."

ते असे हसले की चिवडा सांडला. मीही हसलो. 'गार्डनर' मी विसरलेलो नाही, हे इथे छापून यावं म्हणूनच लिहितोय. त्यांच्याकडेही हा दिवाळी अंक जातो. पण त्या बुधवारी मी त्यांच्याकडे दोन कप चहा घेतला, आणि तिसऱ्याला नाही म्हटलं नाही.